एका घराला न संपणारं फळ

अख्ख्या कोहळ्याला कसलीच घाई नसते. आश्विन-कार्तिकात वेलीवरून उतरवलेलं, साल टणक झालेलं कोहळं खोलीच्या कोपऱ्यात तणसावर ठेवून द्यावं. दिवाळी जाते, संक्रांत जाते, शिमगा तोंडावर येतो आणि ते जसंच्या तसं असतं. उलट आतल्या पिठूळपणाची हळूहळू साखर होत राहते आणि माघातलं कोहळं कार्तिकातल्यापेक्षा गोड लागतं. फक्त देठ शाबूत हवा. देठ मोडला की त्या जागेतून कूज आत शिरते. म्हणून आमची माय कुणालाही देठाला धरून कोहळं उचलू द्यायची नाही. खालून दोन्ही हात घालून, लेकरू उचलावं तसं उचलायला लावायची.

पण पावशीचं पातं एकदा सालीच्या आत गेलं की सगळं बदलतं. कापलेलं कोहळं आमच्या भंडाऱ्याच्या हवेत दोन दिवसही धड राहत नाही. गाभ्याकडून ते आधी ओशट होतं, मग बुळबुळीत, मग पांढरी बुरशी धरतं. मला या फळाबद्दल जे म्हणायचं आहे ते याच्याशीच जोडलेलं आहे. कोहळं हे मुळात एका घराचं फळ नाही.

आमच्याकडे कोहळं म्हणतात ते आतून नारिंगी, पुण्या-मुंबईकडचा लाल भोपळा. धानाच्या या मुलखात त्याला कधी वेगळं शेत मिळालं नाही. बांध्या धानासाठी, धुरे तुरीसाठी, आणि कोहळ्याचा वेल घरालगतच्या सांदवाडीत, उकिरड्याच्या कडेला. मृगाचा पाऊस पडला की दोन-दोन बिया टोचायच्या आणि विसरून जायचं. पऱ्हे उपटून रोवणी सुरू झाली की घरातल्या बायका दिवस-दिवस चिखलात. तोवर वेल मांडवावर, मांडवावरून कवेलूवर चढलेला असायचा. भाद्रपदात पिवळीधमक फुलं आणि नंतर पानांखाली दडलेली फळं. किती धरलीत ते पानं वाळल्यावरच कळायचं. आठ किलोचं, दहा किलोचं फळ त्या वेलीला सहज लागायचं.

असं फळ कापणं हा घरातला छोटा समारंभच होता. अख्ख्या कोहळ्याला पहिला घाव बाईनं घालू नये अशी समजूत. तेव्हा आजोबा किंवा शेजारचा कुणी पोरगा बोलावला जायचा. त्यानं दोन भाग केले की पुढचं काम आजीचं. एक फाक मोठ्या काकूकडे, एक समोरच्या घरी, एक विहिरीपलीकडे. महालक्ष्म्यांच्या जेवणात किंवा आखाजीला पितरांच्या पानात कोहळ्याची भाजी हवीच, त्यामुळे एकाच्या घरचं कोहळं चार घरच्या पानांत असायचं. पुढच्या पंधरवड्यात दुसऱ्या घरचं फुटायचं आणि फाक उलट वाटेनं यायची. दहा किलोचं फळ संपवायला लागणारी माणसं गावात होती, आणि त्यांच्यात येणं-जाणंही होतं.

आता भंडारा शहरात आमच्या घरी तीन माणसं. बाजारात कोहळ्याची पाव किलोची फाक मिळते, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. भाजीपुरती ती ठीक आहे. पण गावाकडचा वेल अजून आठ-दहा किलोचंच फळ देतो, आणि ते घेऊन जा म्हटलं की लोक संकोचतात. एवढ्याचं करायचं काय? मग ते गोठ्यात जातं. पुढच्या वर्षी त्याच्या बिया कुणी राखत नाही. ज्या वेलीचं फळ खायला घर पुरत नाही, ती वेल सांदवाडीतून निघून जाते. म्हणून कोहळं वाळवून ठेवणं मला नुसती पावसाळ्याची बेगमी वाटत नाही. लहान घरानं मोठं फळ आपलंसं करण्याचा मला ठाऊक असलेला हाच एक नीट मार्ग आहे.

कोहळ्याच्या गरात शंभरातले जवळजवळ ब्याण्णव भाग पाणी असतं. दहा किलोच्या कोहळ्याची साल, गाभा, बिया काढल्या आणि उरलेला गर वाळवला तर हाती किलोभरही येत नाही. पोत्याएवढं ओझं एका मोठ्या बरणीत मावतं. गेलेलं असतं ते पाणी. गोडी, तंतू आणि नारिंगी रंगाचा बराचसा भाग मागे राहतो. तो रंग म्हणजे बीटा-कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. आणि वाळवणाचं सगळं कसब तो रंग राखण्यात आहे, कारण त्याला उजेडही मानवत नाही आणि हवाही.

लोकांना वाटतं, आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा वाळवणाला याहून चांगलं ऊन कुठलं? पापड-कुरडयांना ते चालतं. कोहळ्याला नाही. त्या उन्हात फोडीची बाहेरची बाजू तासाभरात कातड्यासारखी घट्ट होते आणि आतलं पाणी आतच अडकतं. हाताला फोड वाळल्यासारखी लागते, बरणीत गेल्यावर महिन्याभरात काळी पडते. शिवाय तो लख्ख उजेड रंग पिऊन टाकतो. नारिंगी फोड पिवळट, मग मातकट होते. माझ्या मते कोहळ्याचे खरे दिवस माघाचा उत्तरार्ध आणि फाल्गुन. हवा कोरडी, वारा हलता, ऊन अंगाला सोसेल असं. वाळवणाचं निम्मं काम वारा करतो, हे आजीला पक्कं ठाऊक होतं. ती सुपं उन्हात मांडायच्या आधी लुगड्याचा पदर उडतो का ते पाहायची. "वारा नाही त वाळवण नाही वो बाई," म्हणायची आणि कोहळं न कापता परत तणसावर ठेवायची.

काप अर्ध्या सेंटिमीटरचे हवेत, आणि सगळे सारखे. जाड-बारीक मिसळले की बारीक ठिसूळ होतात तेव्हा जाड अजून ओलेच असतात. कापून झाले की चाळणीत घालून तीन-चार मिनिटं वाफ द्यायची. आजी उकळत्या मिठाच्या पाण्यातून काढायची. मला वाफ बरी वाटते, गोडी पाण्यात उतरत नाही. या वाफेनं गरातले रंग-वास बिघडवणारे एन्झाइम निकामी होतात, म्हणून वाफवलेली फोड सहा महिन्यांनीही कोहळ्याच्या वासाची राहते आणि कच्ची वाळवलेली फोड गवतासारखी लागू लागते. मग बांबूच्या सुपावर किंवा जाळीवर एकेक फोड सुटी मांडायची, एकीवर दुसरी चढू द्यायची नाही. वरून जुनं सुती लुगडं. ते माशी अडवतं, धूळ अडवतं, आणि मुख्य म्हणजे सरळ ऊन अडवतं. संध्याकाळी दव पडायच्या आत सुपं घरात. सकाळी फोडी उलटून पुन्हा बाहेर. फोड आधी मऊ, मग चिवट, मग वाकवली तर कट्कन मोडणारी होते. चिवटपणावर समाधान मानून थांबायचं नाही.

ज्यांच्याकडे गच्ची नाही त्यांनी विजेवरचं ड्रायर वापरावं, पंचावन्न ते साठ अंशांवर. त्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. तिथे उजेड नाही आणि वारा हक्काचा आहे. रंग उन्हापेक्षा चांगला राहतो. मराठवाड्यात शेतकरी बायकांना सोलर ड्रायर देऊन त्यांच्याकडून वाळवलेली भाजी घेणाऱ्या एस फोर एस टेक्नॉलॉजीज या कंपनीला 2023 साली अर्थशॉट पुरस्कार मिळाला, तेव्हा मला आजीची सुपं आठवली आणि मनापासून आनंद झाला.

हे फळ मूळचं इथलं नाहीच. ते अमेरिका खंडातून आलं, आणि त्याला वाळवण्याची रीतही त्या खंडात फार जुनी. मिसूरी नदीकाठच्या हिदात्सा जमातीतल्या बफेलो बर्ड वुमन या बाईनं आपल्या शेतीची सगळी हकिगत गिल्बर्ट विल्सन या अभ्यासकाला सांगितली आणि ती 1917 साली पुस्तकरूपानं निघाली. त्यात कोहळी वाळवण्यावर पानंच्या पानं आहेत. बायसनच्या खांद्याच्या हाडापासून केलेली सुरी, साधारण सेंटिमीटरभर जाड चकत्या, विलोच्या काड्यांवर ओवून उंच लाकडी माचीवर ठेवलेल्या, आणि वाळल्यावर गवताच्या दोरीत ओवलेल्या माळा. काड्यांवर ओवायचं कारण माझ्या लगेच ध्यानात आलं: चकतीला चारही बाजूंनी वारा मिळतो. ते वाचलं त्या वर्षीपासून मीही मोठ्या कोहळ्याच्या चकत्या बांबूच्या कामट्यांवर ओवते आणि कामट्या खाटेच्या दोन गातांवर आडव्या टाकते. उलटायचं काम वाचतं. मिसूरीकाठच्या बाईनं वैनगंगेकाठच्या बाईला एवढं शिकवावं, याचं मला फार अप्रूप आहे.

जपानात दुधी भोपळ्याच्या जातीचं फळ असंच लांबच लांब फितींत सोलून वाळवतात. त्याला कान्प्यो म्हणतात, आणि सुशीच्या गुंडाळीत ते असतं. हिरोशिगे या चित्रकारानं 1830 च्या दशकात तोकाइदो रस्त्यावरच्या मुक्कामांची चित्रं काढली. त्यातल्या मिनाकुची गावाच्या चित्रात बायका हेच काम करताना दिसतात. आपण वाळवताना मात्र त्या जातीचा गर टाकून कवच राखलं. आमच्या झाडीपट्टीतल्या गोंड माणसाच्या खांद्यावरचा पाण्याचा तुंबा म्हणजे वाळलेला भोपळाच, आणि मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळाही. एकाच कुळातल्या फळांचं कुणी कवच वाळवलं, कुणी गर.

वाळलेल्या फोडी थेट डब्यात कोंबायच्या नाहीत. आधी काचेच्या बरणीत सैल भरून आठवडाभर रोज हलवायच्या. काचेला आतून दमटपणा दिसला की परत बाहेर काढून एक ऊन द्यायचं. भंडाऱ्यात वर्षाकाठी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्या हवेत अर्धवट वाळलेली फोड टिकत नाही. बरणी अंधाऱ्या फडताळात. आणि दळण एकदम करून ठेवायचं नाही. पावडर हवेतला ओलावा ओढते, तिचा गोळा होतो, रंगही लवकर उडतो. फोडी ठेवाव्यात, लागेल तेवढ्या मिक्सरमधून काढाव्यात.

आषाढात, भाजीबाजारात भाव चढलेले असतात आणि पालेभाजी चिखलानं भरलेली असते, तेव्हा मूठभर फोडी तुरीच्या वरणात टाकल्या की वरणाला अंगची गोडी येते. आजीच्या वेळी रोवणीहून परतलेल्या बायकांना हे वरण आणि भात, बस्स. पण मला फोडींपेक्षा पावडर अधिक प्रिय आहे, ती भाजण्या-तळण्याच्या पदार्थांसाठी. ताज्या कोहळ्याचे बोंड करताना दरवेळी अंदाज चुकवणारी गोष्ट म्हणजे गरातलं पाणी. एक कोहळं कोरडं, दुसरं पाणचट; कणीक घालत जावी तर बोंड दगड होतात, न घालावी तर कढईत फुटतात. पावडरीत पाणी आपल्या हातचं असतं. पाव वाटी पावडर एक वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवली की गर तयार. त्यात पाऊण वाटी चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ, वेलची, चमचाभर तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक. मंद आचेवर तळले की वरून खुसखुशीत आणि आत लुसलुशीत.

हाच भिजवलेला गर केकमध्येही तितकाच शोभतो. मैद्याऐवजी कणीक, साखरेऐवजी गूळ, दह्याच्या दोन पळ्या, तूप, सोडा; आणि ओव्हन नसेल तर शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये मिठाच्या थरावर भांडं ठेवून. आपल्या बायकांना खालून-वरून आच देऊन भाजणं काही नवं नाही. कोकण-गोव्यात तवशाचं धोंडस झाकणावर निखारे ठेवून भाजतात, आणि तवसं म्हणजे काकडीही कोहळ्याच्याच कुळातली. आमच्याकडे पळसाच्या पानात थापून निखाऱ्यावर भाजलेले पानगे आहेत. त्यांच्या कणकेत मी दोन चमचे कोरडी पावडर घालते, आणि पळसाच्या वासाबरोबर ती गोडी फार सुरेख जमते.

गेल्या पावसाळ्यात लाखांदूरकडे राहणाऱ्या आमच्या चुलत वहिनींना वाळलेल्या फोडींची बरणी पाठवली होती. त्यांच्याकडेही आता दोघंच. कोहळं घरी आणणं त्यांनी बंद केलं होतं, सांदवाडीतला वेल कधीचाच गेलेला. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. मला वाटलं फोडी संपल्या असतील. "फोडी नाही वो, बिया पाठव," त्या म्हणाल्या, "मोठ्या कोहळ्याच्याच पाठव. मी घरीच वाळवतो आता." मी चांगल्या पिकलेल्या फळाच्या बिया धुऊन, सावलीत वाळवून, राख चोळून पुडी बांधली. पुडीवर लिहिलं: मृगाच्या पावसानंतर, उकिरड्याच्या कडेला, एका आळ्यात दोनच, वेल मांडवावर गेला की जड फळाखाली तणसाचं शिकं बांधा.