तेरची हस्तिदंती मूर्ती आणि तिच्यामागचा हत्ती

१/८
मराठवाड्याच्या प्राचीन वैभवाविषयी बोलताना मी नेहमी एका लहानशा वस्तूपासून आरंभ करतो. ती म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळालेली सातवाहनकालीन हस्तिदंती स्त्रीमूर्ती. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातील हे शिल्प तळहातावर मावेल एवढेच आहे. परंतु त्याचे नाते थेट इटलीशी जुळते.

२/८
इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात पॉम्पेई नगर गाडले गेले. तेथील एका घरात १९३८ साली भारतीय बनावटीची हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्यावर खरोष्ठी लिपीतील खूण आहे. तेरची मूर्ती आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात मिळालेला मूर्तीचा भाग, या दोहोंचे तिच्याशी विलक्षण साम्य आहे.

३/८
हा योगायोग नव्हे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजेच तेर, या बाजारपेठांचा उल्लेख येतो. येथील माल बैलगाड्यांवरून भडोच बंदराकडे जाई. भडोचहून परदेशी जाणाऱ्या वस्तूंच्या यादीत हस्तिदंतही आहे.

४/८
मुदखेडहून लातूरमार्गे तेरला गेलो, की ही मूर्ती पाहताना माझा ऊर भरून येतो. मात्र अलीकडे त्या अभिमानाशेजारी एक प्रश्न उभा राहतो: हा दात कोणाचा? सुळ्याच्या मुळाकडचा मोठा भाग हत्तीच्या कवटीत रुतलेला असतो. संपूर्ण सुळा हवा असेल, तर हत्ती मेलेलाच असावा लागतो. हा हत्ती नैसर्गिक मृत्यूने गेला की मारला गेला, हे मूर्ती सांगत नाही.

५/८
हस्तिदंत केवळ राजवाड्यांत नव्हता. बंजारा स्त्रियांच्या हातांतील पांढऱ्या बांगड्या पूर्वी हस्तिदंताच्या वा हाडाच्या असत. नांदेड जिल्ह्यातील तांड्यांवर मी पाहिल्या त्या प्लास्टिकच्या. एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून आफ्रिकी हस्तिदंत मुंबई बंदरात उतरे. त्यातला काही लंडनला जाई, तर काहींच्या येथेच बांगड्या होत. दख्खनचे हत्ती विरळ झाले, तरी मागणी सरली नाही. ती समुद्रापार गेली.

६/८
याची किंमत विसाव्या शतकात उघड झाली. आशियाई हत्तींत मोठे सुळे केवळ नरांनाच असतात, त्यामुळे शिकारी नेमके नर टिपतात. केरळच्या पेरियारमध्ये १९८० च्या दशकाअखेरीस एका प्रौढ नरामागे शंभरांहून अधिक प्रौढ माद्या उरल्या होत्या. कळप दिसत होता, पण त्याचा वंश खुंटत चालला होता.

७/८
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेला आफ्रिकी हस्तिदंतही त्या बंदीखाली आला. व्यापारी न्यायालयात गेले. ‘आमचा माल नामशेष मॅमथचा आहे’, असाही युक्तिवाद झाला. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने तोही फेटाळला. कारण सरळ आहे: एक प्रकार विकण्याची मुभा दिली, की चोरीचा माल त्याच नावाखाली खपतो.

८/८
आपल्यासारख्या इतिहासप्रेमींना हे विशेष लागू पडते. ‘जुनी, दुर्मीळ, वाड्यातली वस्तू’ असे म्हणत कोणी हस्तिदंत पुढे केला, तर त्याचे प्राचीनत्व आपल्याला भुलवते. तो विकत घेऊ नका. वारशाने आलेल्या हस्तिदंतालाही मालकीचे अधिकृत प्रमाणपत्र लागते, आणि तो विकता येत नाही. तेरची मूर्ती जरूर पाहा, तिच्या कारागिराला मनोमन वंदन करा. आणि ज्याच्या सुळ्यातून ती घडली, त्या हत्तीलाही आपल्या इतिहासात जागा द्या.