हसणारे हेर

हेरानं हसू नये, असा आपला जुना समज आहे. हेर म्हटला की घोंगडी पांघरलेला, नजर खाली नि कान उघडे ठेवून चालणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलांना हेरानं वेष पालटलेला आवडतो. त्यानं कोट्या केलेल्या त्यांना खपत नाहीत.

आणि तरीही एक काळ असा येऊन गेला, की हेरांच्या गमतींवर लोक घरबसल्या पोट धरून हसले. तो काळ काही हसण्याजोगा नव्हता. १९६१च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. १९६२च्या ऑक्टोबरमध्ये क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर जाऊन आलं. नेमक्या त्याच दशकात इंग्लंड-अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर हे हसरे हेर अवतरले. मुंबईत टेलिव्हिजनचं केंद्रच मुळी १९७२ साली आलं. तेव्हा त्यांची नि माझी गाठ फार उशिरा, भाच्याच्या संगणकावर पडली. उत्तरपत्रिका तपासून झाल्या, की रात्री मी त्यांच्यापैकी एकेकाला भेटू लागलो.

पहिले भेटले 'द ॲव्हेंजर्स'मधले जॉन स्टीड. डोक्यावर बोलर हॅट, हातात छत्री आणि चेहऱ्यावर खानदानी स्वस्थता. पॅट्रिक मॅक्नीनं १९६१ ते १९६९ हे सोंग असं काही वठवलं, की बोलायची सोय नाही. जोडीला डायना रिगची एमा पील. प्रेतं पडतात, कारस्थानं उलगडतात. पण ह्या दोघांची अदब ढळत नाही. इथला विनोद शब्दांत थोडा आणि भुवईत फार. संकट आलं म्हणून चहा थंड होऊ द्यायचा की काय, असा सगळा थाट!

दुसरी जोडी १९६४ सालच्या 'द मॅन फ्रॉम अंकल'ची. नपोलियन सोलो अमेरिकन, इलिया कुर्याकिन रशियन. आणि त्या दिवसांत हे दोघे एकाच कचेरीत नोकरीला! कचेरीची वाटही न्यूयॉर्कमधल्या एका शिंप्याच्या दुकानातून जाते. दोघे शत्रूच्या तावडीत सापडले तरी एकमेकांना चिमटे काढायचे सोडत नाहीत. धोका मात्र खरा असतो. म्हणूनच त्या चिमट्यांना चव.

तिसरा अवलिया 'गेट स्मार्ट'चा, १९६५ ते १९७० मधला. मेल ब्रूक्स आणि बक हेन्री ह्यांनी घडवलेला हा मॅक्सवेल स्मार्ट, हेर क्रमांक ८६. त्याचा टेलिफोन बुटात. गुप्त खलबत करायचं झालं, की डोक्यावर पारदर्शक घुमट उतरतो आणि आत बसलेल्यांना एकमेकांचंच बोलणं ऐकू येत नाही. ज्यानं आयुष्यात एकदा तरी कमिटीची बैठक पाहिली आहे, त्याला ह्यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

तिघांत मला विचारात पाडलं ते 'अंकल'नं. १९६६च्या जानेवारीत 'बॅटमन' आला. त्याच्या धांगडधिंग्याचा बोलबाला झाला आणि 'अंकल'वाल्यांनीही तिसऱ्या वर्षी तोच सूर धरला. सोलोसाहेब गोरिलाबरोबर नाचले! प्रेक्षक हसण्याऐवजी उठून गेले. चौथ्या वर्षी पुन्हा गंभीर चेहरा केला; पण १९६८च्या जानेवारीत खेळ आटोपला.

मग पहिल्यापासून विदूषकी करणारा स्मार्ट कसा तगला? मला वाटतं, तो स्वतः कधीच हसत नाही म्हणून. बुटातल्या टेलिफोनवर त्याची श्रद्धा आहे. त्याला शत्रू खरे वाटतात, मरणाचं भय खरं वाटतं. उलट गोरिलाबरोबर नाचणाऱ्या सोलोला आपलं काही वाकडं होणार नाही हे जणू ठाऊक झालं होतं. विनोदाखालची भीती काढून घेतली, की नुसत्या माकडचेष्टा उरतात.

हे मला इतकं जवळचं वाटण्याचं कारण घरचंच आहे. माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे, सीमेवर. फोनवर तो कधी गंभीर बोलत नाही. लंगरातली डाळ, सुभेदारसाहेबांचं घोरणं, बर्फात गोठलेला साबण ह्यांचीच बातमीपत्रं देतो. कुठं आहे, काय चाललं आहे, हे तो सांगत नाही नि आम्ही विचारत नाही. पण एखाद्या रात्री तो एकही गंमत न सांगता फोन ठेवील, त्या रात्री घरात कुणाला झोप लागणार नाही, हे आम्हां सर्वांना पक्कं ठाऊक आहे.

परवा तो आईला म्हणाला, "मागच्या दिवाळीच्या चकल्या थोड्या शिल्लक आहेत. दारूगोळा कमी पडला तर असू देत म्हणून ठेवल्यात!"

आम्ही सगळे हसलो. आईही हसली. रात्री तिनं देवापुढच्या निरांजनात दोनदा तूप घातलं. आणि यंदा चकलीच्या पिठात मोहन घालताना तिचा हात नेहमीपेक्षा सढळ होता.