जगत होते, जगले

लॅटिन क्रियापदाला सर्वनामाची गरज लागत नाही. 'वीवो' म्हटलं की 'मी जगतो' हे वाक्य पुरं झालं. जगणारा कोण, ते शेवटचा प्रत्यय सांगतो: वीवो, वीविस, वीवित, वीविमुस, वीवितिस, वीवुंत. मराठी माणसाला याचं नवल वाटू नये. 'आलास?', 'जेवलीस?' एवढ्यावर आपलंही भागतं. आणि शाळेत संस्कृतची धातुरूपं घोकलेल्याला इथे घरचीच माणसं भेटतात: वीवित म्हणजे जीवति, वीवुंत म्हणजे जीवन्ति. धातू मुळात एकच. फ्रान्ट्स बॉप या जर्मन अभ्यासकाने १८१६ साली संस्कृतची क्रियारूपं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मॅनिक भाषांच्या रूपांशेजारी ठेवून तपासली, ती याच ओढीने. शब्द बाजारहाटात इकडचे तिकडे होतात. क्रियापद चालवण्याची रीत सहसा कोणी उसनी घेत नाही. ती जुळली, तर नातं रक्ताचं.

संस्कृतात दहा गण, लॅटिनमध्ये चार. अमारे, मोनेरे, रेगेरे, औदीरे. यांतल्या 'रे'च्या आधीचा स्वर तेवढा धरून ठेवायचा. पहिल्या गणात तो दीर्घ आ, दुसऱ्यात दीर्घ ए, चौथ्यात दीर्घ ई. तिसऱ्यात मात्र ऱ्हस्व ए, आणि तो एका जागी ठरत नाही. कुठे त्याचा इ होतो, कुठे उ. विद्यार्थी अडखळतात ते इथेच. आपला 'वीवो' याच गणातला.

पण गण कळला म्हणून सगळं कळत नाही. म्हणूनच लॅटिन कोश क्रियापदाची चार रूपं देतो: वीवो, वीवेरे, वीक्सी, वीक्तुम. तिसरं रूप पूर्ण भूतकाळाचं; ते अंदाजाने सापडत नाही, पाठच करावं लागतं. मला या तिसऱ्या रूपाचं फार अप्रूप आहे. 'वीवेबंत' म्हणजे जगत होते. मधला 'ब' काळ चालू ठेवतो. 'वीक्सेरुंत' म्हणजे जगले. इथे अंगच बदललं, आणि काळ मिटला.

इ.स.पू. ६३च्या ५ डिसेंबरला रोममध्ये कॅटिलिनाच्या कटातल्या पाच जणांना तुरुंगात गळा आवळून मारलं. फोरममध्ये त्यांचे साथीदार घोळक्याने उभे होते. आत माणसं जिवंत आहेत, रात्री सोडवता येतील, अशी त्यांची समजूत. तेव्हाचा कॉन्सल सिसेरो त्यांच्याकडे पाहून मोठ्याने म्हणाला, 'जगले.' प्लुटार्कने हा प्रसंग ग्रीकमध्ये लिहून ठेवला आहे. लॅटिन परंपरेत तो शब्द 'वीक्सेरुंत' असा सांगतात. मरणाचं नाव घेणं अशुभ, म्हणून रोमन लोक असं बोलत. आपणही 'गेले' म्हणतो. रोमन थडग्यांवरही हेच क्रियापद एकवचनात भेटतं: 'वीक्सित', आणि पुढे वर्षं. मूल असेल तर महिने आणि दिवससुद्धा मोजलेले.

तक्ते घोकावेच लागतात, त्याला आडवाट नाही. पण घोकणाऱ्याला कुणीतरी हेही सांगायला हवं, की फोरममधल्या त्या माणसांची आशा तोडायला सिसेरोला मरणाचं नाव घ्यावं लागलं नाही. जगण्याचंच क्रियापद पूर्ण भूतकाळात चालवणं पुरलं.