थंडीत एसी लावा! खरंच सांगतोय!

गाडीचा हीटर ऊब तयारच करत नाही हो! थांबा, उठू नका, ऐका तरी! मी ना इंजिनिअर, ना मेकॅनिक. बॉनेट उघडलं की वायपरचं पाणी कुठं ओतायचं, एवढंच माझं ज्ञान. पण इथे जयपुरात सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ एका मिस्त्रीनं अख्खा डॅशबोर्ड खोलून दाखवला आणि तेव्हापासून मी ज्याला त्याला धरतोय. आज तुम्ही सापडलात!

आम्ही रत्नागिरीकर. बटणावरची ती लाल खूण आम्हाला नुसती शोभेची! पण जयपूरचा जानेवारी! पहाटे पारा सात-आठ अंशांवर, टोंक रोडवर धुकं, बोटं बधिर. बटण लालकडे फिरवलं, आणि गरम वारा! कुठून? इंजिनातून! पेट्रोल जळतं, त्यातली तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी ताकद चाकांना मिळते, बाकीची बहुतेक उष्णता होऊन वाया! ती शोषत कूलंट इंजिनभर फिरतं, आणि मग त्यातलं थोडं पाइपातून डॅशबोर्डच्या मागे येतं, आणि मग तिथे एक वहीएवढा रेडिएटर, हो, दुसरा रेडिएटर!, आणि मग पंखा त्यातून हवा ढकलतो आणि मग ती थेट आपल्या गारठलेल्या पावलांवर! फुकट! म्हणूनच गाडी चालू केल्या केल्या हीटर गार फुंकतो. कूलंट तापायला नको?

आणि ते लाल-निळं बटण? आत एक प्लास्टिकची झडप हलते, बस्स! किती हवा गरम रेडिएटरमधून जाईल आणि किती त्याला वळसा घालेल, एवढंच ती ठरवते. ऑटोमॅटिक एसीवाल्या गाडीत हीच झडप छोटी मोटर फिरवते. काचेजवळ डॅशबोर्डवर इवलासा काळा ठिपका असतो ना, तो ऊन मोजतो! ऊन!! कॅडिलॅकनं असली आपोआप तापमान सांभाळणारी यंत्रणा 1964 सालीच दिली होती, आणि मला आत्ता कळतंय!

आता खरी गंमत. काच आतून धुरकटली, तर हीटरसोबत एसी लावायचा! कुडकुडत असताना एसी! हवा आधी एसीच्या गार जाळीवरून जाते, तिच्यातली वाफ पाणी होऊन गाडीखाली ठिबकते, आणि मग ती कोरडी हवा हीटरवर तापते आणि मग काचेवर जाते, आणि काच लख्ख! फक्त आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा, नाहीतर आपल्याच श्वासाची वाफ पुन्हा काचेवर.

पण इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही! मग ऊब? बॅटरीतून! म्हणून थंडीत ती एका चार्जमध्ये कमी पळते म्हणे. शेजाऱ्यांकडे आहे एक. मी त्यांची बेल दाबतोय, तुम्ही बॅटरी धरा. म्हणजे टॉर्च हो!