अमाऊच्या पाचोळ्यातला चिमुकला

पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोर्सबी. तिच्या पूर्वेकडच्या जंगली मुलखात अमाऊ नावाचे एक खेडे आहे. आठशेहून अधिक भाषा बोलणाऱ्या या देशात अशी खेडी असंख्य. पण अमाऊचे नाव जगभर गेले ते एका बेडकामुळे. आणि तो बेडूक आहे केवळ हरभऱ्याच्या दाण्याएवढा!

इथल्या टोक पिसिन भाषेत बेडकाला ‘रोकरोक’ म्हणतात. हा चिमुकला मात्र तसा ओरडत नाही. दिवस मावळला, की तो बारीक, तीक्ष्ण सूर लावतो. ऐकणाऱ्याला वाटावे, रातकिडेच किरकिरताहेत. ऑगस्ट २००९ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे ख्रिस्तोफर ऑस्टिन आणि त्यांचे विद्यार्थी एरिक रिटमायर यांनी या आवाजाचा माग काढला. आवाज पायाशी, पण दिसेना कोणीच! अखेर त्यांनी ओला पाचोळा पिशवीत भरला आणि एकेक पान बाजूला केले. तेव्हा एका पानावरून तपकिरी ठिपका टुणकन उडाला.

२०१२ मध्ये त्याचे बारसे झाले : ‘पेडोफ्रायनी अमाऊएन्सिस’. सरासरी लांबी ७.७ मिलिमीटर. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत सर्वांत लहान, हा मान त्याला मिळाला. पुढे ब्राझीलच्या अटलांटिक अरण्यातील एका बेडकाचे नर त्याहूनही लहान असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तोही पाचोळ्यातच राहणारा!

इतके लहान राहून साधते काय? पाचोळ्यातले अतिसूक्ष्म किडे इतरांच्या नजरेत भरत नाहीत. त्यांवर याचे पोट भरते. त्याला डबकेही लागत नाही. अंड्यातून शेपटीचा मासोळीसारखा जीव न निघता थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो.

पण एवढासा देह वाळायला वेळ लागत नाही. पाचोळ्यातला ओलावा हेच त्याचे तळे. वरची झाडे तोडली, ऊन जमिनीवर पोहोचले, की हे तळे आटलेच. पापुआ न्यू गिनीत बहुतेक जमीन परंपरेने तिथल्या कुळांच्या मालकीची आहे. म्हणजे झाड ठेवायचे की विकायचे, हा प्रश्न शेवटी गावकऱ्यांच्याच दारी येतो. कुणाला शाळेची फी भरायची असते, कुणाला औषध आणायचे असते. आणि त्यांच्या पायाखाली, एका ओल्या पानाआड, हरभऱ्याएवढा एक जीव संध्याकाळची वाट पाहत असतो.