माउस नको, गोळा हवा!

इंजिनिअरिंगला गेलेल्या पोराला घरचे लोक काय समजतात? बिघडलेला मिक्सर, बंद पडलेली मोटार, न लागणारा टीव्ही... सगळ्यांचा डॉक्टर! "शिकतोस ना तू, मग बघ की जरा!" पण गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेली केस यंत्राची नव्हती, माणसाची होती.

आमच्या दादाचं फुलंब्रीत छोटंसं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म. पीकविमा आणि ॲडमिशन एकदम सुरू झाले की सकाळपासून रात्रीपर्यंत त्याचा हात माउसवरच. उजवं मनगट एवढं ठणकायला लागलं की चहाचा कप उचलवेना. डॉक्टर म्हणाले, मनगटाला आराम द्या. आता आराम दिला तर दुकान कसं चालणार आणि दुकान नाही चाललं तर घर?

तेव्हा मला ट्रॅकबॉल आठवला. माउस चालवायला हात सरकवावा लागतो. ट्रॅकबॉल जागेवर बसून राहतो, वरचा गोळा फक्त बोटांनी फिरवायचा. हा काही माउसचा धाकटा भाऊ नाही बरं का, चांगला थोरला आहे! राल्फ बेंजामिन यांनी १९४६ साली ब्रिटिश नौदलाच्या रडारसाठी तो तयार केला. १९५२ मध्ये कॅनडाच्या नौदलासाठी बनवलेल्या ट्रॅकबॉलमध्ये तर चक्क बोलिंगच्या खेळातला चेंडू होता. एंगलबार्ट यांनी माउस जगाला दाखवला तो १९६८ साली. सोनोग्राफीच्या मशीनवर डॉक्टर जो गोळा फिरवतात, तोही हाच.

नव्या ट्रॅकबॉलच्या किमती बघितल्या आणि गप्प बसलो. मग एक दिवस कॉलेज सुटल्यावर संभाजीनगरातलं जुन्या कॉम्प्युटर सामानाचं एक दुकान गाठलं. चाचांनी खोक्यातून तीन नग काढून समोर ठेवले. "देख लो बेटा, जो चले वो ले जाओ."

पहिला दिसायला एकदम राजबिंडा, पण नऊ पिनांचा सीरियल. असे माउस आपली वीज पोर्टच्याच तारांमधून घेतात. आजकालच्या कॉम्प्युटरला हा पोर्टच नसतो आणि कन्व्हर्टर लावला तरी तेवढी वीज मिळेलच असं नाही. बाद!

दुसरा गोल हिरव्या पिनचा, पीएस/टू. गोळा काढून पाहिला तर आत दोन रूळ आणि फटी असलेल्या चकत्या. म्हणजे फुलंब्रीच्या धुळीत रुळांवर रोज थर! शिवाय स्वस्तातला यूएसबी जोड नुसत्या तारा जुळवतो. माउसच्या आतल्या सर्किटला यूएसबी कळत नसेल, तर वेगळा सर्किटवाला कन्व्हर्टर घ्यावा लागतो.

तिसरा लॉजिटेकचा मार्बल माउस, यूएसबी. यात रूळ नाहीत. गोळ्यावरची नक्षी प्रकाशाने वाचली जाते. यूएसबी माउसची भाषा ठरलेली असल्यामुळे जुना असला तरी नव्या कॉम्प्युटरला लगेच चालतो. पण मी भाव विचारला तो वेगळ्याच कारणाने. याचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा होता, म्हणजे डाव्या हातालाही चालणारा! खोट एकच, स्क्रोलचं चाक नाही. साडेतीनशेत सौदा झाला.

दादा म्हणाला, "हे काय आणलंस रे? कच्ची मोसंबी बसवलीय का याच्यात?" पहिले दोन दिवस बाण भलतीकडेच पळायचा, गिऱ्हाइकं हसायची. मी एक मोफत सॉफ्टवेअर टाकून दिलं. एक बटण दाबून गोळा फिरवला की पान वरखाली होतं. तिसऱ्या आठवड्यात बघतो तर दादा डाव्या हाताने पीकविम्याचा फॉर्म भरतोय आणि उजवा हात मांडीवर निवांत!

दुखणं पळालं असं म्हणणार नाही. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम चालूच आहे. पण सीझनमध्ये दुकान एकही दिवस बंद राहिलं नाही, हे आमच्या घरासाठी फार मोठं आहे.

लॅबमध्ये आपण विचारतो, कुठलं मॉडेल भारी? त्या दिवशी दुकानात मला विचारावं लागलं, हात कुणाचा आहे? हा प्रश्न आपल्या व्हायवाला कोणी का विचारत नाही बरं?

आणि हो, कोणी घेतलाच तर गोळा काढून आतले तीन बारीक टेकू आठवड्यातून एकदा पुसा. नाहीतर थोरला भाऊ अडून बसतो!