परड्यातला पंचनामा

वारणेच्या खोऱ्यात, शिराळ्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर, भर दुपारी बाराच्या सुमारास एक तलंग नाहीशी झाली. हळहळ व्यक्त करावी म्हणून मी पुढे झालो, तो घरच्या म्हातारीने मला हातानेच थोपविले. मोरीच्या ओलीवर उमटलेल्या एका ठशावर तिने डालगे पालथे घातले होते, आणि उरलेल्या कोंबड्यांनी, किंवा माझ्यासारख्या आगंतुकाने, तो मुद्देमाल तुडवू नये एवढीच त्या क्षणी तिला चिंता होती. फौजदार येईपर्यंत जागा राखून ठेवावी, असा तो सारा थाट होता.

"ह्ये घारीचं न्हवं, पावनं," ती म्हणाली. "घार पिसं काढाया बसत न्हाई."

म्हातारीची ही विद्या मी नंतर थोडीबहुत पडताळून पाहिली. घार येते ती पिल्लासाठी. वाढीला लागलेली कोंबडी तिला पेलत नाही, आणि पिलू उचलले की मागे एक पीसही राहत नाही. मोरघारीसारखा थोर शिकारी मात्र जागच्या जागी पिसे उपटून त्यांचे रिंगण घालतो आणि आधी छातीचे मांस खातो. मुंगसाचा दात मानेशी लागतो, आणि भक्ष्य ओढीत नेल्याची खूण झुडपापर्यंत जाते. पिलू ओलेचिंब होऊन मरून पडले असेल, तर सापाने ते गिळण्याचा यत्न करून सोडून दिले, असे समजावे. आणि चार-पाच कोंबड्या मारून एकही खाल्लेली नसेल, तर संशयित बहुधा गावातलेच, कदाचित घरचेच, कुत्रे असते. पण ही जबानी कोणी नोंदवून घेत नाही, आळ मुंगसावर जातो. पंचतंत्रातल्या ब्राह्मणीने तोंडाला लागलेल्या रक्तावरून आपल्या इमानी मुंगसाचा निकाल लावला, त्याला इतकी शतके लोटली तरी त्या बिचाऱ्याची प्रतिष्ठा सावरलेली नाही. उलट संतवाणीने घारीला वात्सल्याची मूर्ती करून ठेविले. त्या वेळी कोंबड्यांचे मत कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

डालग्याखालच्या त्या ठशाने मात्र माझे मन पार पेशवाईत नेले. गावाची राखण तेव्हा रामोशी-जागल्यांकडे असे, आणि चोरी झाली की त्यांचे पहिले कर्तव्य म्हणजे माग काढणे. पाऊल लांब की रुंद, टाच कशी पडली, ओझे घेऊन चालणाऱ्याचा ठसा किती खोल, हे सारे धुळीतून वाचीत तो राखणदार निघे तो थेट शिवेपर्यंत. माग शिवेपार गेला की तो पुढच्या गावच्या राखणदाराच्या हवाली करावयाचा, आणि तिथून ती जोखीम त्या गावाची. अशा रीतीने एका चोराचे पाऊल गावागावांतून हातोहात पुढे जाई, आणि ज्या गावाच्या हद्दीत ते विरून जाई त्याच्या माथी गेलेल्या मालाची भरपाई बसे. एल्फिन्स्टनने 1819 साली कलकत्त्याच्या सरकारला जो अहवाल धाडला, त्यात ह्या पद्धतीचे वर्णन आहे. मला त्या व्यवस्थेतली एक गोष्ट फार आवडते : चोर कोण ह्यापेक्षा पाऊल कोणाच्या रानात संपले, ह्याला तिथे महत्त्व होते, आणि त्यामुळे प्रत्येक गावाला आपल्या मातीवर नीट नजर ठेवणे भाग पडे. पुढे कचेऱ्या आल्या, दप्तरे वाढली, आणि धूळ वाचणारे डोळे कारकुनांच्या खिजगणतीत राहिले नाहीत.

डालगे उचलले. ठसा वाटोळा, चार बोटांचा, आणि नखाची खूण कुठेही नाही. कुत्र्याची किंवा कोल्ह्याची नखे मातीत उमटल्यावाचून राहत नाहीत. "रानमांजार," म्हातारीने निवाडा दिला. माग बांध ओलांडून शेजाऱ्याच्या उसात गेला होता. जुन्या न्यायाने भरपाई शेजाऱ्याकडे निघत होती, आणि तिचा चेहरा पाहता ती मागण्यास ती कमी करील असेही दिसेना. कऱ्हाडापासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठ उसाने भरला, तेव्हापासून रानमांजर, कोल्हा, आता तर बिबट्यासुद्धा, त्या हिरव्या आडोशाला नांदतो, आणि गळीत हंगामात फड तुटला की बेघर होऊन वस्तीच्या कडेला येतो.

बंदोबस्ताच्या बाबतीत मी कोंबड्यालाच प्रमाण मानतो. संकट आकाशातून येत असेल तर तो बारीक, लांबट, कुठून आला ते कळू नये असा स्वर काढतो. जमिनीवरून येत असेल तर मोठ्याने तुटक कलकलाट करतो. पहिल्या इशाऱ्याला कोंबड्यांना शिरावयास जागा हवी, म्हणून परड्यात दाट झुडपे असावीत. दुसऱ्यासाठी बाभळीचे कुंपण, आणि खुराड्याला बारीक चौकोनी जाळी, तीही हातभर जमिनीत गाडलेली. षट्कोनी जाळी दिसावयास साजिरी असली तरी तिच्यामुळे कोंबड्या आत राहतात, मुंगूस बाहेर राहीलच असे नाही. सापळे आणि विष ह्यांचे नावही काढू नये : ते निर्दयपणाचे, आणि 1972 च्या कायद्याने मुंगूस व घोरपड दोन्ही संरक्षित आहेत.

घोरपडीचा माग सर्वांत सोपा, कारण दोन्हींकडे नखांच्या पावलांच्या रांगा आणि मधोमध शेपटीची रेघ. खुडूक कोंबडीखालची अंडी ती भर उन्हात येऊन गिळते. एकदा मी ते पाहिले आहे, आणि तेव्हापासून 1670 साली सिंहगडाच्या कड्याला चिकटून मावळ्यांचा भार पेलणाऱ्या त्या प्रसिद्ध यशवंती घोरपडीच्या आख्यायिकेवर माझा विश्वास बसेनासा झाला आहे. अंड्याने घसा भरलेला तो सुस्त जीव कंबरेला दोर बांधू देईल, हे एक वेळ मान्य करू. पण कड्यावर वाटेत एखादे घरटे लागले असते, तर तानाजीला किती वेळ खाली तिष्ठत राहावे लागले असते, ह्याचा विचार शाहिरांनी केलेला दिसत नाही.